को सरांना वाचवा

को चेन-शेंग सरांना राग आला की आधी त्यांचे कान लाल होतात, मग मान, आणि मग आवाज एकदम खाली उतरतो. च्यायी गावातल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. त्या तीस वर्षांत पोरांना वादळाची सूचना हवामान खात्याच्या आधी सरांच्या कानांवरून मिळत असे. निवृत्त झाल्यावर पाच वर्षं कान बरेचसे माणसात आले होते. ते दोन ऑक्टोबरला संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा लाल झाले, आणि महिनाभर त्यांनी रंग सोडला नाही.

सहा वाजून दहा मिनिटं ही आमच्या गल्लीत कचरागाडीची वेळ. गाडी गाणं वाजवत येते, आणि ती यायच्या आधी दहा मिनिटं सगळी गल्ली हातात पिशव्या धरून कोपऱ्यावर उभी असते. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या पोराची तैपेतली नोकरी सुटली, हे सगळं तिथेच कळतं. त्या दिवशी को सरांना कळलं ते श्याओ मावशींकडून. श्याओ मावशी गार शेवया विकतात आणि ऑर्किड मंडळाच्या सेक्रेटरी आहेत.

"सर, तुमचंही घर चाललंय ना?" मावशी म्हणाल्या.

"कुठलं घर?"

"अहो, ते इंटरनेटवरचं. मधुर घरटं. आमच्या मंडळाचं पान होतं त्याच्यावर. मेल आलाय, एकतीस तारखेपर्यंत. मग सगळं पुसणार म्हणे."

सरांना मेल आला नव्हता. गाडी आली, गेली, सर पिशवी हातात धरून तिथेच उभे. कांद्याची सालं आणि माशाची डोकी परत घरात आलेली बघून त्यांची बायको पी-ल्येन म्हणाली, "कचरा आणलास परत? कोणी घेतला नाही?"

आता इथे थोडं सांगायला हवं. सरांच्या शाळेत सातवीच्या प्रत्येक मुलाला वर्षाच्या सुरुवातीला एकच गृहपाठ असे. आपल्या गल्लीतलं एखादं म्हातारं माणूस गाठायचं, एखाद्या जागेकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, इथे आधी काय होतं? ते माणूस काय सांगेल ते टेप करायचं. जागेचा एक फोटो काढायचा. बस. आवाज आणि फोटो सर रविवारी शाळेत जाऊन स्वतः साइटवर चढवायचे. मधुर घरटं नावाच्या कंपनीने तेव्हा, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी, सगळ्यांना फुकट जागा दिली होती. सतरा-अठरा वर्षांत सहाशे बेचाळीस आवाज जमले. आता जिथे मोबाइलचं दुकान आहे तिथे बर्फाचा कारखाना होता. जिथे टर्की-भात मिळतो तिथे सुईण राहायची, म्हणजे अर्धी गल्ली जिथे जन्मली तिथेच आता दुपारी जेवते. हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. सांगणारी निम्मी माणसं आता नाहीत.

"तुझ्याकडे प्रत असेल ना," पी-ल्येन म्हणाली.

होती. बारा सीड्यांवर, कपाटाच्या वरच्या फळीवर. सरांनी त्या काढल्या. आमच्याकडच्या दमट हवेने त्यांच्यावर बुरशीचे असे सुंदर नकाशे काढले होते की भूगोलाच्या तासाला दाखवता आले असते. मूळ कॅसेटी? शाळेकडे पस्तीसच कॅसेटी होत्या. दरवर्षी त्याच पुसून पुढच्या वर्गाला द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कंपनीला फोन लावला. आधी चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग मधासारख्या आवाजाची एक मुलगी आली.

"प्रिय सभासद, आपली ओळख पटवायची आहे. आपल्या लाडक्या पाळीव प्राण्याचं नाव सांगावं."

"मला प्रिय म्हणू नका. मी प्राणी पाळलेला नाही."

"नोंदणीत आहे, सर."

"नोंदणीत काय आहे?"

"ते मी सांगू शकत नाही, सर. ते तुम्ही मला सांगायचं आहे."

स्वयंपाकघरातून पी-ल्येनने कासव सुचवलं. सरांच्या आईकडे एक कासव होतं. त्याला नाव नव्हतं, त्याला सगळे कासव म्हणत. सरांनी 'कासव' सांगितलं. चुकलं. मग बहिणीच्या कुत्र्याचं नाव, मग शाळेच्या मांजरीचं, मग रागाच्या भरात श्याओ मावशींच्या पोपटाचं. पाचव्या चुकीनंतर मधाळ आवाजाने कळवलं की सुरक्षेच्या कारणासाठी खातं सात दिवस बंद राहील.

"महिन्यातले सात दिवस तुम्हीच खाल्लेत," सर म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की पलीकडून तीन वेळा 'हॅलो' आलं.

चौथ्या दिवशी, दात घासताना, सरांना आठवलं. दोन हजार एकचा तो रविवार. आदल्याच दिवशी मुख्याध्यापक फान यांनी भर बैठकीत सांगितलं होतं की संगणक हा गणितासाठी आहे, गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या गप्पांसाठी नाही. सर तसेच धुमसत येऊन संगणकावर बसले होते आणि फॉर्म भरत होते. लाडका पाळीव प्राणी.

आठव्या दिवशी पुन्हा बासरी. मग सर म्हणाले, "फान."

"बरोबर आहे, सर," मधाळ आवाज म्हणाला, आणि बहुधा शिकवल्याप्रमाणे पुढे म्हणाला, "फान आता कसा आहे?"

"निवृत्त झाला."

नवा पासवर्ड लगेच पाठवण्यात आला. तो गेला सरांच्या शाळेच्या ईमेलवर. आणि शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. आमच्याकडे पोरंच जन्माला येईनाशी झाली, तेव्हा दोन शाळांची एक केली आणि सरांच्या शाळेचं नाव, गणवेश आणि ईमेल तिघांनाही एकदम निरोप दिला. आता कंपनी म्हणे शाळेचं पत्र आणा, की हे खातं याच माणसाचं.

सर जोडशाळेत गेले. क्रमांकाचा कागद घेतला. पुढे कुणी नसतानाही क्रमांक सत्तेचाळीस होता. मालमत्ता विभागाचे यू साहेब सज्जन माणूस. त्यांनी चहा दिला आणि मग विचारलं, "साइट शाळेच्या संगणकावर बनवली?"

"हो."

"मग ती शाळेची मालमत्ता."

"असू दे. मग वाचवा तिला."

"मालमत्ता असेल तर तिच्यावर स्टिकर असणार. स्टिकरचा क्रमांक सांगा."

सर म्हणाले, "वेबसाइटला स्टिकर कुठे लावतात?"

यू साहेबांनी नियमावली काढली. बोट फिरवत वाचलं. "समोरच्या बाजूला, उजव्या वरच्या कोपऱ्यात, सहज दिसेल असा."

"तिला समोरची बाजू नाही."

"मग लावला नसणार. स्टिकर नाही म्हणजे मालमत्ता नाही. मालमत्ता नाही म्हणजे आम्ही पत्र देऊ शकत नाही."

"म्हणजे ती माझी."

"तसंही म्हणता येत नाही, सर. शाळेच्या कामात बनवलीत."

"रविवारी बनवली."

"रविवारी वीज कुणाची वापरलीत?"

यू साहेबांची चूक नव्हती, हे सरांनाही कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त राग आला. चूक असलेला माणूस समोर असता तर निदान त्याच्यावर ओरडता आलं असतं. शेवटी यू साहेबांनीच वाट काढली. बिनस्टिकरच्या वस्तूंसाठी एक अर्ज असतो. तो समितीपुढे जातो. समिती डिसेंबरमध्ये बसते.

"साइट ऑक्टोबरमध्ये मरते आहे."

"मग मृत वस्तूंचा वेगळा अर्ज आहे," यू साहेब म्हणाले, आणि खरोखरच काढून दाखवला.

त्या संध्याकाळी कचरागाडीपाशी सरांनी हे सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. श्याओ मावशी म्हणाल्या, "देवळात कौल लावा. आमच्या शेवयांच्या गाडीची जागा देवानेच सांगितली." सरांचा विश्वास नव्हता. पण ज्या देशात वेबसाइटला उजव्या वरच्या कोपऱ्यात स्टिकर लागतो तिथे विश्वास ठेवण्यासारखं दुसरं राहिलंय तरी काय, असं म्हणून ते गेले. चंद्रकोरीसारखे कौलाचे दोन लाकडी चंद्र हातात घेतले, नाव-पत्ता सांगितला, विचारलं, साइट वाचेल का? टाकले. दोन्ही चंद्र उताणे पडले. उताणे पडले म्हणजे देव उत्तर न देता हसतोय. पुन्हा टाकले, देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही हसला. शेजारी उभ्या म्हातारीने कुतूहलाने विचारलं, "असं विचारलंत तरी काय?"

सर देवावरही रागावले.

दुसरा सल्ला वस्तीप्रमुख थांग यांचा. थांग यांची निवडणूक जवळ आली होती, आणि अशा वेळी त्यांना कुणाचंही दुःख पाहवत नाही. "सर, हे सार्वजनिक प्रकरण आहे. बॅनर लावू." सरांनी नको म्हटलं. नको म्हटलेलं थांग यांना ऐकू येत नाही. दोन दिवसांनी चौकात लालभडक बॅनर लागला. त्यावर ठरल्याप्रमाणे 'को चेन-शेंग सरांच्या वेबसाइटला वाचवा' असं येणार होतं. पण अर्ध्या कापडावर थांग यांचा हात उंचावलेला फोटो होता, आणि उरलेल्या अर्ध्यात अक्षरं बसेनात. छापणाऱ्याने मधली काढली. राहिलं ते असं: 'को चेन-शेंग सरांना वाचवा.' खाली: 'वस्तीप्रमुख थांग आपल्या पाठीशी.'

दुपारपर्यंत त्याचा फोटो सरांच्या तीन जुन्या वर्गांच्या फोनमध्ये फिरला. संध्याकाळी पहिली बेल वाजली.

दारात एक जाडसर माणूस उभा होता, हातात कोंबडीच्या अर्काच्या बाटल्यांची पेटी. आजाऱ्याकडे न्यायची तीच, सोनेरी कागदाची. सरांना बघून त्याचे डोळे भरून आले.

"सर, तुम्ही उभे आहात?"

"मग काय करू?"

"नाही, म्हणजे… किती दिवस दिलेत डॉक्टरांनी?"

तीन दिवसांत अर्काच्या एकोणीस पेट्या आल्या, नऊ टोपल्या फळं, आणि एका विद्यार्थिनीने सासूच्या ओळखीच्या यकृततज्ज्ञाची वेळ घेऊन ठेवली. मुख्याध्यापक फान यांनीही फोन केला. झालं-गेलं विसरून जाऊ, म्हणाले, मी तुमच्यावर तेव्हा जरा कठोर होतो. त्यांच्या नावाचं आपण काय करून ठेवलंय ते त्यांना सांगावंसं सरांना वाटलं. सांगितलं नाही. "धडधाकट माणसाची अशी बदनामी," ते पी-ल्येनला म्हणाले, "शत्रूनेसुद्धा केली नसती." पी-ल्येन अर्काच्या पेट्या जिन्याखाली रचत होती. "मला तर वाटलं नव्हतं इतके जण येतील," ती म्हणाली.

सव्वीस तारखेला न्ये लिंग-यी आली. दोन हजार चारची तुकडी, तिसरा बाक, प्रश्न विचारत राहायची सवय. आता ती एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. तिनेही एक पेटी आणली होती. पण ती रडली नाही. तिने बॅनरचा फोटो नीट वाचला होता आणि तिला काहीतरी अर्धं राहिल्याचा संशय आला होता.

सरांनी तिला सगळं सांगितलं. बासरी, फान, स्टिकर, डिसेंबरची समिती. मग तिने सरांचा संगणक स्वतःकडे वळवला, साइटचं पहिलं पान उघडलं, त्याचा पत्ता उचलला, दुसऱ्या एका पानावरच्या रिकाम्या चौकटीत टाकला आणि एक बटण दाबलं. मिनिटभर काहीतरी गोल गोल फिरलं.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हे पान लायब्ररीत गेलं. इंटरनेटवर एक फुकट लायब्ररी आहे, सर. पुस्तकं असतात, जुनी गाणी असतात, बंद पडलेल्या साइटीही असतात. जगात कुठूनही कुणीही बघावं. मधुर घरटं उद्या नसलं तरी हे पान जसंच्या तसं तिथे दिसेल."

"पासवर्ड?"

"लागत नाही. जे पान कुणालाही दिसतं ते कुणीही जपून ठेवू शकतं."

"शाळेचं पत्र?"

"कशाला?"

"स्टिकर?"

"कसला स्टिकर, सर?"

को सर उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चोवीस दिवस. चोवीस दिवसांत त्यांनी एका मुख्याध्यापकाचं नाव पाळीव प्राणी म्हणून फोनवर उच्चारलं होतं, देवाकडून तीनदा हसून घेतलं होतं, गावभर मरणोन्मुख म्हणून जाहीर झाले होते, आणि करायचं होतं ते इतकंच. सल्ला देणाऱ्या एवढ्या माणसांत एकालाही हे ठाऊक नव्हतं. मुख्य म्हणजे त्यांनाही नव्हतं, आणि ते तर शिक्षक. मागून पाहिलं तरी कानांचा लाल रंग दिसत होता.

"तुला हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. रोज संध्याकाळी तासभर करते. बंद झालेल्या बसांची वेळापत्रकं ठेवते, मेलेल्या माणसांच्या डायऱ्या ठेवते. असे आम्ही पुष्कळ जण आहोत. एकमेकांना ओळखत नाही." मग ती म्हणाली, "सवय तुमच्याच गृहपाठाने लागली असेल."

सर म्हणाले, "सरळ बस. पाठ वाकवतेस अजून."

पानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेली, फोटो आणि मजकुरासकट. आवाजांचं मात्र तसं नव्हतं. ते आवाज वाजवणाऱ्या बावीस वर्षांपूर्वीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये कोंबलेले होते, आणि लायब्ररीच्या यंत्राला ते दिसत नव्हते. प्रत्येक आवाज एकेक करून उतरवायचा, त्याला नाव द्यायचं आणि हाताने लायब्ररीत चढवायचा. सहाशे बेचाळीस वेळा. आणि कंपनीचं यंत्र मरायला टेकल्यामुळे एका आवाजाला कधी पाच मिनिटं लागत, कधी दहा.

तेव्हा को सरांनी नियम केला. जो आजारी सरांना बघायला येईल त्याने आधी दहा आवाज चढवायचे. पेटी घेऊन आलेली माणसं कुणाच्या मांडीवर लॅपटॉप, कुणी फोनवर, अशी बैठकीत, जिन्यात, स्कूटर ठेवायच्या जागेत बसली. पी-ल्येनने अर्काच्या बाटल्या फोडल्या आणि चहासारख्या वाटल्या. कुणी हळूच विचारलं की हे सरांचं औषध ना, तर ती म्हणाली, "त्याला काही झालेलं नाही. राग सोडून."

पहिला आलेला तो जाडसर माणूस, लुओ नाव त्याचं, खडीचा ट्रक चालवतो. त्याच्या वाट्याला त्याचाच आवाज आला. तेरा वर्षांचा, चिरका, 'आजी, इथे आधी काय होतं' असं विचारणारा. आजी सांगत होती, आणि मागून त्याची आई ओरडत होती की कपडे आत घे, आभाळ आलंय. लुओने ते ऐकलं. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"एकदाच ऐकायचं," सर म्हणाले. "रांग आहे."

"हो सर. मागची आई आहे." त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. "चार वर्षं झाली जाऊन."

सर स्वयंपाकघरात गेले आणि नळापाशी बराच वेळ उभे राहिले. "पाणी तरी सोड," पी-ल्येन म्हणाली.

तीस तारखेला संध्याकाळी पाचशे सत्तर झाले. एकतीसला सकाळी आठ वाजता पुन्हा सगळे जमले. काहींनी रजा टाकली होती. बहात्तर उरले होते आणि संपूर्ण दिवस हातात होता. कंपनीचं यंत्र आता आणखी मंदावलं होतं, तरी नऊला पंचावन्न उरले. दहाला सदतीस. सर चक्क गुणगुणत होते. दहा वाजून एकतीस मिनिटांनी लिंग-यी म्हणाली, "सर, माझ्याकडे पान उघडत नाही." मग जिन्यातून आवाज आला, "माझ्याकडेही नाही." मग सगळ्यांच्या पडद्यांवर एकाच वेळी एक निळा पक्षी आला. तो पंख हलवून निरोप देत होता. खाली लिहिलं होतं: बावीस वर्षांच्या गोड सोबतीबद्दल आभार.

एकोणतीस आवाज राहिले होते.

सरांनी फोन लावला. आज बासरी नव्हती. मधाळ आवाज पहिल्याच बेलला आला.

"आज एकतीस तारीख आहे," सर म्हणाले.

"हो, सर."

"एकतीस तारखेपर्यंत म्हटलं होतंत."

"एकतीसपर्यंत, सर. एकतीस धरून असं लिहिलेलं नाही. म्हणजे एकतीस उजाडेपर्यंत. आम्ही उलट साडेदहापर्यंत चालू ठेवली, सवलत म्हणून."

बैठकीतल्या सगळ्यांनी सरांच्या कानांकडे बघितलं. पंधरा-वीस प्रौढ माणसं, कुणी बँकेत अधिकारी, कुणाला दोन मुलं, पण सगळ्यांनी नकळत पाय जुळवून घेतले. सर इतक्या हळू बोलले की लिंग-यीला पुढे सरकावं लागलं.

"मुली, तुझा आवाज गोड आहे. त्या आवाजाने तू आज एकोणतीस म्हाताऱ्या माणसांचं तोंड बंद केलंस. जी बोलली होती. ज्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं आणि एकदाच विचारलं होतं. एक बटण तुम्हाला आज संध्याकाळी दाबता येत नव्हतं? तुमच्या मालकाला फोनवर बोलव."

पलीकडून आवाज आला, पण मध गेलेला, साधा, थकलेला. "मालक कोण आहे ते आम्हालाही माहीत नाही, सर. कंपनी दोनदा विकली. बटण कोणी दाबलं तेही मला माहीत नाही. आमचाही आज शेवटचा दिवस आहे. दुपारी एकनंतर मीही नाही इथे." आणि मग, "सॉरी, सर. फानला नमस्कार सांगा."

सरांनी फोन खाली ठेवला. महिनाभर त्यांनी हा राग सांभाळून आणला होता, नेमक्या माणसाच्या पदरात घालायला, आणि शेवटच्या दारात पोचल्यावर तिथे एक नोकरी गेलेली पोरगी निघाली. आता हा राग न्यायचा कुठे? त्यांना त्याचाही राग आला.

"सर, सहाशे तेरा वाचले," कुणीतरी म्हणालं. "शेकडा पंच्याण्णव."

"पंच्याण्णव टक्के गल्ली कधी बघितलीस?" सर म्हणाले. "एकोणतीस नावं काढ, लिंग-यी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी नवी वही घेतली, रेघा आखल्या, आणि पहिला फोन फिरवला. तो लागला काओशुंगमधल्या एका बँक व्यवस्थापकाला. तो मीटिंगमध्ये होता.

"तुझा गृहपाठ मिळालेला नाही," सर म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"को सर. सातवीतला गृहपाठ. आवाज गेलाय. पान आहे, फोटो आहे, आवाज नाही. रविवारपर्यंत नवा करून पाठव."

"सर, मी चौतीस वर्षांचा आहे," व्यवस्थापक गोंधळून म्हणाला.

"वय विचारलेलं नाही. आजी आहेत ना अजून?"

"आहे, सर."

"मग जा आणि विचार."

दुपारपर्यंत अकरा फोन झाले. कुणी हसलं, कुणी माफी मागितली, एकाने सवयीने 'वही घरी राहिली' म्हटलं. ज्यांचं सांगणारं माणूस गेलं होतं त्यांना सरांनी दुसरं माणूस शोधायला सांगितलं. कुणालाही सूट नाही. चौदावं नाव होतं तेंग रू-पिंग. पहिलीच तुकडी. ती आता तैनानमध्ये शिवणयंत्रं दुरुस्त करते.

"माझे आजोबा होते, सर," ती म्हणाली. "लाकडाच्या तळ्याचं सांगितलं होतं त्यांनी. डोंगरावरून ओंडके यायचे, ते तिथे पाण्यात ठेवायचे. ते आजोबाच करायचे. त्यांच्याबरोबरचं आता कुणीच नाही. कुणाला विचारू?"

सरांनी पेन उचललं. मग खाली ठेवलं. इतरांना दिलेलं 'दुसरं माणूस शोध' हे उत्तर तोंडात तयार होतं, पण ते बाहेर आलं नाही.

"तुला आठवतं ना, ते काय म्हणाले?"

"पुष्कळसं."

"मग तू सांग. मी टेप चालू करतो."

ती आधी अडखळली. मग सांगू लागली. आजोबा ओंडक्यांवरून अनवाणी चालायचे, एका ओंडक्यावरून दुसऱ्यावर, हातात लांब बांबू, आणि ओंडके पायाखाली फिरायचे. पडलं तर हसायचं नाही, कारण वरती ओंडके मिटले की माणूस खाली राहतो. पावसाळ्यात सगळ्या गावाला ओल्या देवदाराचा वास यायचा. आजोबांच्या सदऱ्याला ते मरेपर्यंत तोच वास होता. हे शेवटचं टेपमध्ये नव्हतं, हे ती आता सांगत होती.

पी-ल्येन दारात येऊन उभी राहिली, तिला सरांनी हातानेच थांबवलं.

"तळं किती खोल होतं?" त्यांनी विचारलं.



"माहीत नाही, सर. मी तेव्हा विचारलंच नाही."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "त्याचे मी तुझे दोन गुण कापले होते." आणि मग, "पुढे सांग."